रन म्हणजे पळणे, लिही अन् झोपू दे

माझी चूक एवढीच की मे महिन्यात भर दुपारी दोन वाजता ताईच्या घरी गेलो. बाहेर ४५ डिग्री, आत कूलर, म्हटलं पन्हं पिऊन मस्त ताणून देऊ. तेवढ्यात सातवीतला भाचा हॉलिडे होमवर्क घेऊन हजर. "मामा, रनचे सरळ अर्थ अन् लाक्षणिक अर्थ लिहाचे आहेत, सांग."

म्हटलं सोपंय, रन म्हणजे पळणे, लिही अन् झोपू दे.

"मग माय नोज इज रनिंग?" नाक पळत नाही बे, वाहते. "नळ?" तोही वाहते. "कूलर?" चालते. "शी रन्स अ शॉप?" चालवते. घड्याळ चालते, ट्रेन चालते, अन् मग माझी ट्यूब पेटली की इंग्रज जे पळवतो ते आपण आरामात चालवतो, आणि बरोबरच आहे, इथल्या उन्हात पळणार कोण? कोणाला हो म्हणायचं तरी आपण "चालते ना भाऊ" म्हणतो.

मोबाइलवर पाहिलं तर आणखीच घाम फुटला. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीसाठी पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकानं या एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ लावले, नऊ महिने लागले त्याला. नऊ महिन्यांत लोकांच्या घरी पाळणा हलते! आधी पहिला नंबर सेटचा होता, १९८९ च्या आवृत्तीत ४३० अर्थ. हे मी पोट्ट्याला सांगितलं नाही, नाहीतर सेटही काढला असता.

निवडणुकीत पार फसलो. अमेरिकेतला उमेदवार रन करतो, इंग्लंडातला स्टँड, म्हणजे आपल्यासारखा उभा राहतो. "मग आपल्याकडे पळत नाही कोणी?" म्हटलं आपल्याकडे आधी उभा राहते, मग कोणीतरी त्याले बसवते, अन् पळते तो निवडून आल्यावर... इथं ताईनं डोळे वटारले.

शेवटी आपल्या नागपूरच्या जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमचा आधार घेतला. "पण चौका मारला की बॅट्समन जागेवरच उभा, तरी चार रन?" हो. "अन् बिचारा खरंच पळला तर रन आऊट?" हो रे बाबा. तेवढ्यात किचनमधून आवाज, दूध संपलं. भाचा खूश, "वी रॅन आऊट ऑफ मिल्क! मामा, दुधाचा स्टंप कोणी उडवला?"

मी पिशवी घेऊन डेअरीकडे पळालो. दिवसभरातला तो एकच सरळ अर्थ.

जूनच्या शेवटी शाळा उघडली, वही लाल होऊन परत आली. खाली मॅडमचा शेरा, "सी मी".

"मामा, सी म्हणजे पाहणे ना? मग तूच जा, नुसतं पाहून ये."