तीन पट्टे, एक विजेता

व्यावसायिक कुस्तीचे निकाल आधीच ठरलेले असतात, मग त्यातल्या अजिंक्यपदाचा कसला आलाय इतिहास, असे मला अनेकदा ऐकवले जाते. निकाल ठरवलेले असतात हे खरेच. पण म्हणूनच कोणाच्या कमरेला कोणता पट्टा बांधायचा, यातून त्या धंद्याच्या चालकांना कोणता वारसा मिरवायचा आहे हे कळते, आणि जपानमधील 'ट्रिपल क्राउन' अजिंक्यपद हे त्याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण आहे.

१८ एप्रिल १९८९ रोजी टोकियोच्या ओता विभागातील क्रीडागृहात जंबो त्सुरुताने स्टॅन हॅन्सनला हरवले, आणि 'ऑल जपान' या संस्थेची तीन अजिंक्यपदे एकाच मल्लाकडे आली. त्यांतले इंटरनॅशनल अजिंक्यपद रिकिदोझानने १९५८ साली लॉस एंजेलिसमध्ये लू थेझकडून जिंकले होते, तर पीडब्ल्यूएफचा (पॅसिफिक रेसलिंग फेडरेशन, म्हणजे 'ऑल जपान'ची अजिंक्यपदे सांभाळणारे मंडळ) पहिला मानकरी १९७३ मध्ये खुद्द संस्थापक जायंट बाबा होता. तिसऱ्या, युनायटेड नॅशनल अजिंक्यपदाची गंमत अशी की १९७१ मध्ये ते अंतोनियो इनोकीकडे होते, म्हणजे पुढच्याच वर्षी 'न्यू जपान' ही दुसरी संस्था काढून बाबाचा आयुष्यभराचा प्रतिस्पर्धी झालेल्या माणसाकडे. गुरू रिकिदोझान आणि त्याचे दोन शिष्य बाबा व इनोकी, ज्यांची पुढे दोन घराणी झाली, ते त्सुरुताच्या अंगावर असे एकत्र आले.

बाबाने हे पट्टे वितळवून एक केले नाहीत, हा त्याचा मला सर्वांत शहाणपणाचा वाटणारा निर्णय. एका माणसाला तीन पट्टे सांभाळणे अडचणीचेच. एक कमरेला बांधला तरी उरलेले दोन खांद्यावर टाकावे लागत किंवा हातात धरावे लागत. लढतीपूर्वी पीडब्ल्यूएफचे अध्यक्ष लॉर्ड जेम्स ब्लेअर्स रिंगमध्ये उभे राहून अजिंक्यपदाची घोषणा वाचत, आणि तेव्हा पणाला काय काय लागले आहे हे प्रेक्षकांना मोजता येत असे.

एकीकरणाच्या सुमारास आणखी एक बदल झाला, आणि तो मला पट्ट्यांइतकाच मोलाचा वाटतो. त्याआधीच्या अनेक मोठ्या लढती दोघेही रिंगबाहेर राहिल्याने बरोबरीत सुटत, कारण हार पत्करायला कोणीच राजी नसे. पुढच्या काळात निकाली कुस्त्या वाढल्या. ५ जून १९८९ रोजी निप्पॉन बुदोकानमध्ये तेनर्यूने त्सुरुताला चितपट केले, १९९२ मध्ये मिसावाने हॅन्सनला हरवले, आणि ३ जून १९९४ ची मिसावा-कावादा लढत तर आजही जाणकार पुन्हा पुन्हा पाहतात.

पट्टे वेगळे ठेवण्याच्या बाबाच्या निर्णयाच्या नेमके उलट 'न्यू जपान'ने २०२१ मध्ये केले. कोता इबुशीकडे हेवीवेट आणि इंटरकॉन्टिनेंटल ही दोन्ही अजिंक्यपदे असताना ती एकत्र करून नवा पट्टा घडवला, आणि विजेत्यांची मोजदाद इबुशीपासून नव्याने सुरू केली. जुन्या पट्ट्यांचा इतिहास तिथेच मिटला. इबुशीने तर पहिल्याच बचावात, एप्रिलमध्ये, तो नवा पट्टा विल ऑस्प्रेला गमावला.

'ऑल जपान'नेही २०१३ मध्ये तीन पट्टे निवृत्त करून एकच केला. सोय म्हणून मला ते पटते. त्या पट्ट्यावर जुन्या तिघांच्या खुणा आहेत, पण मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला त्या काही दिसत नाहीत. त्याच्यापर्यंत पोहोचते ते फक्त नाव, जे जपानीत अजूनही 'सान्कान', म्हणजे तीन मुकुट, असेच आहे.