कॉर्न सिरपने मधमाश्या मेल्या, म्हणून मध-गूळ बिनधास्त खा?

सगळ्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की कोल्ड्रिंकमधल्या हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरपने (मक्यापासून केलेला गोड पाक, फ्रुक्टोज म्हणजे साखरेचाच एक प्रकार) अमेरिकेतल्या मधमाश्या मेल्या, आपणही तेच विष पितोय, तर मध-गूळ बिनधास्त खा आणि तान्ह्या बाळालाही मध चाटवा. यात थोडं खरं आहे, आणि त्या थोड्याच्या जोरावर बाकीचं खपतंय, म्हणून लिहितोय.

"सिरप माश्यांना विष आहे." तिकडे मधमाश्या पाळणारे त्यांना खायला हे सिरप देतात. ताजं असेल तर नाही, तापलं तर विष आहे. गरम झालं की त्यात एचएमएफ नावाचं द्रव्य तयार होतं, ते माश्यांच्या आतड्याला झेपत नाही, हगवण लागून मरतात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या टुसॉनच्या शास्त्रज्ञांनी 2009 मध्ये दाखवलं की साधारण 49 अंशांना एचएमएफ एकदम वाढतं. पण हे फक्त मक्याच्या सिरपचं नाही हो! आपल्याकडे पावसाळ्यात फुलोरा नसतो, मधमाश्यांच्या पेटीत साखरेचा पाक ठेवावा लागतो, आणि काहीजण पाक गोठू नये म्हणून त्यात लिंबू पिळून खळखळ उकळतात, मग त्यातही तेच एचएमएफ होतं. कृपा करून असं करू नका, साखर आणि पाणी समान घ्या, गरम पाण्यात नुसती विरघळवा, गार करून द्या, बास.

"माश्यांच्या वसाहती यामुळेच कोसळल्या." 2006 नंतर पेट्या रिकाम्या झाल्या खऱ्या, पण सिरप तर 1970 च्या दशकापासून बाजारात होतं. व्हरोआ नावाची माश्यांच्या अंगावर जगणारी कीड, तिने पसरवलेले व्हायरस, कीटकनाशकं, मैलोन् मैल एकच पीक, हे सगळं मिळून झालं. 2013 मध्ये इलिनॉय विद्यापीठाने सांगितलं की मध-परागातल्या पी-कौमॅरिक ॲसिडमुळे माशीची विष पचवायची यंत्रणा जागी होते आणि सिरपमध्ये ते नसतं. बरोबर, पण साखरेच्या पाकातही नसतं! म्हणून मध काढताना पोळ्यात त्यांच्यापुरता सोडा.

"आपण तेच पितोय." तिकडे मोठ्या कोला कंपन्या 1984 पासून सिरप वापरतात, आपल्याकडच्या बहुतेक कोल्ड्रिंकमध्ये उसाची साखर असते, बाटली फिरवून वाचा. आणि फरक तरी केवढा, कोल्ड्रिंकच्या सिरपमध्ये 55 टक्के फ्रुक्टोज, साखरेत 50. लिव्हरवर चरबी चढते ती जास्त गोड पोटात गेल्याने, ऊस की मका ते लिव्हर बघत नाही. 300 मिलीच्या कोलात तीसेक ग्रॅम साखर असते, तर डब्ल्यूएचओ म्हणतं दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहिलात तर उत्तम, फारतर 50.

त्या मोजणीत मधही धरलाय. मधात साधारण 38 टक्के फ्रुक्टोज असतंच, शुगरवाल्यांनी तो औषध म्हणून चमचे भरभरून खाऊ नये.

आणि बाळाला चाटवायचं तर मुळीच नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंनी बॉटुलिझम होऊ शकतो, अंग लुळं पडतं, श्वास अडकतो. घरात आजी कितीही आग्रह करू दे, थेंबभरही देऊ नका.