बुटावरचे बूट

ऑफिसात चामडी बूटच हवेत, हा आमच्या साहेबांचा हट्ट. जुलैत दादर स्टेशनाबाहेर घोटाभर पाणी, हा पावसाचा. दोघेही ऐकणारे नव्हेत. म्हणून बुटांवरून चढवायचे रबरी बूट घ्यायला निघालो आणि मागायचं काय, इथंच अडलो.

"गलोश आहेत?"

"तो ब्रँड ठेवत नाही आम्ही."

अमेरिकेतली जुनी माणसं त्यांना 'रबर्स' म्हणत. आपल्याकडे रबर मागितलं तर खोडरबर मिळतं, आणि तिकडे आता काय हातात ठेवतील ते इथे लिहिता येत नाही. 'शू कव्हर' म्हटल्यावर आयसीयूबाहेर देतात त्या निळ्या पिशव्या निघाल्या. शेवटी दुकानदारानं गमबूट आपटले. गमबूट म्हणजे इंग्रजांचे वेलिंग्टन. 1803 च्या सप्टेंबरात केळणा नदी ओलांडून असईच्या लढाईत ज्यानं आपल्या मराठ्यांना हरवलं, तो वेलस्लीच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्याचे बूट चामड्याचे होते, रबर नंतर आलं, सगळं खरं. पण म्हणून मी त्याच्या नावाचे बूट घालू?

आपल्याकडे डोक्याला इरलं आहे, पायाला काहीच नाही. कसं असणार? पाऊस आला की आपण चपला काढून हातात घेतो. पाय भिजले तर भिजले, चप्पल महागाची!

अखेर 'फ्री साइज' लिहिलेली सिलिकॉनची जोडी मिळाली. चढवायला वीस मिनिटं लागली. दादरला पाणी घोटाच्या वर चढलं आणि वरूनच आत शिरलं. बाहेरचं पाणी आत न येऊ देणारी वस्तू आतलं पाणी बाहेरही जाऊ देत नाही, हे पाकिटावर लिहिलेलं नव्हतं. डबक डबक करत ऑफिस गाठलं. लिफ्टपाशी वॉचमननं मला भिंतीला टेकवून पाय ओढला. रबर आलं, त्यासोबत बूट आला, बुटासोबत मोजा. साहेब तेव्हाच लिफ्टमधून बाहेर पडत होते. माझ्या उघड्या पायाकडे बघून ते काही बोलले नाहीत. त्यांच्या पायात फ्लोटर्स होते.

रात्री गॅलरीतून आईची हाक आली, "अरे, तुझ्या बुटांच्या खोळी पिळून वाळत घालू, की नुसत्याच?"