पाय लॅटिन, पोर ग्रीक

आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीत भेटली, तीही दोन्ही बाजूंनी घाबरत घाबरत. त्यामुळे लेकीनं जीआरईसाठी आणलेला शब्दांचा ठोकळा पाहून मला तिची दयाच आली. "बाबा, पाठ नाही करायचे," ती म्हणाली. "मुळं शिकायची. लॅटिनमधलं एक मूळ कळलं की वीस शब्द आपोआप कळतात."

एकावर वीस फुकट म्हटल्यावर माझ्यातलं गिऱ्हाईक जागं झालं.

'पोर्ट' म्हणजे वाहून नेणं. मग इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट. अरे, हे तर आमच्या संस्कृतच्या बाईंचंच दुकान! एका 'हृ' धातूला उपसर्ग लावून बाईंनी आहार, विहार, प्रहार, संहार काढून दाखवले होते. शेवटचे दोन प्रात्यक्षिकासह. 'मसल'चं मूळ 'छोटा उंदीर' निघालं तेव्हा तर मी हरखलोच. रोमनांना दंडात उंदीर दिसला, आपल्याला बेटकुळी. 'कँडिडेट'च्या मुळाशी पांढरा रंग, कारण रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे पांढराशुभ्र टोगा घालून मतं मागत फिरायचे. आमच्या वॉर्डातल्या कडक इस्त्रीला दोन हजार वर्षांची परंपरा आहे हे वाचून ऊर भरून आला.

पहिली ठेच सप्टेंबरला लागली. सप्त, अष्ट, नव, दश. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर! हे मी जेवताना जाहीर केलं. "पण सप्टेंबर नववा ना?" ही म्हणाली. रोमनांचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, हा खुलासा पुस्तकात सापडेपर्यंत आमटी गार झाली होती.

मग तो टँकर. आम्ही स्कूटरवर, पुढे टँकर, त्याच्या पाठीवर 'हायली इनफ्लेमेबल'. 'इन' म्हणजे नाही, 'फ्लेम' म्हणजे ज्वाळा. मी अगदी चिकटून स्कूटर घातली आणि मागे वळून म्हणालो, "काळजी नको, अजिबात न पेटणारं आहे."

हिनं रसायनशास्त्र शिकवण्यात २२ वर्षं घातली आहेत. आधी तिनं मला स्कूटर बाजूला घ्यायला लावली. मग विचारलं, "'इन' म्हणजे नाही? मग इन्कम म्हणजे काय?" आणि क्षणभर थांबून स्वतःच म्हणाली, "हं. बरोबर आहे."

लॅटिनमध्ये 'इन' दोन आहेत म्हणे, एक नकाराचा आणि एक 'आत'चा. टँकरवरचा दुसरा. माझ्यासारखे विद्वान जगभर असल्यामुळेच आता पुष्कळ ठिकाणी नुसतं 'फ्लेमेबल' लिहितात.

स्कूटर बाजूला घेतली ती नेमकी खड्ड्यात. पाय मुरगळला. संध्याकाळपर्यंत घोटा पुरणपोळीसारखा टम्म. आता 'पेड' म्हणजे पाय. पेडल, पेडेस्ट्रियन, इथं शंकेला जागाच नव्हती. कोपऱ्यावर पाटी होती, 'पेडियाट्रिशियन'. खालची मराठी ओळ कुठल्याशा दादांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सनं झाकलेली. लंगडत आत शिरलो. भिंतीवर उंची मोजायचा जिराफ होता, तेव्हाच समजायला हवं होतं.

"बाळ कुठंय?" काउंटरवरच्या ताईंनी विचारलं.

मी पाय पुढे केला.

शेजारच्या खुर्चीतलं एक पोर माझ्याकडे पाहून रडायचं थांबलं. डॉक्टर सज्जन. हसू गिळत म्हणाले, "काका, तुम्ही ऑर्थोपेडिककडे जा." म्हणजे 'पेड' होतंच, फक्त माझा पत्ता चुकला होता! रिक्षातून लेकीला अभिमानानं फोन केला.

"अहो बाबा, दोन्हीकडचा 'पेड' ग्रीक आहे. म्हणजे मूल. पायाचा 'पेड' लॅटिन, तो वेगळा. ऑर्थोपेडिक हा शब्द निकोला आंद्री नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १७४१ मध्ये 'सरळ' आणि 'मूल' जोडून बनवला. मुलांची वाकडी हाडं सरळ करायची म्हणून."

तोवर रिक्षा दवाखान्यापाशी पोचली होती. आत चारी बाजूंना प्लास्टरमधले म्हातारे. जिराफ कुठं नव्हता, पण मी खात्री करून घेतली.

"काय दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाय," मी म्हणालो. "मराठीतला."