‘हे सगळं मनाचं आहे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि आज सकाळी पुन्हा एकदा वाचली. चार ओळींत उत्तर देता आलं असतं, पण तुम्ही मांडलेल्या शंका मला घरातूनही ऐकाव्या लागल्या आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

ज्यांनी ती प्रतिक्रिया पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काही माणसांना स्क्रीनच्या विशिष्ट प्रकारच्या, म्हणजे भराभर लुकलुकणाऱ्या, उजेडाने डोकेदुखी, मळमळ, डोळ्यांमागे कळ असा त्रास होतो आणि त्यांच्यासाठी फोनमध्ये वेगळी सोय असायला हवी, असं मी मूळ लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत की तुम्ही रोज दहा-बारा तास स्क्रीनसमोर असता आणि तुम्हाला काही होत नाही. तुमच्या मते, डॉक्टर डोळे ‘नॉर्मल’ म्हणत असतील तर दुखणं मनाचं आहे. मोबाइल टॉवरच्या लहरींनी आजारी पडणारे आणि हे, एकाच माळेचे मणी. तुमच्या ऑफिसातली एक सहकारी दिवसभर ब्राइटनेस कमी करत असते, तरी डोकं धरून बसते, आणि असले लेख वाचून तिला आणखी बळ मिळतं. शिवाय निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्याने ताण कमी होतो, असं मी लिहिलेलं साफ चुकीचं आहे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांवर झालेल्या १७ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०२३ साली घेतला. संगणकावर काम करताना डोळ्यांवर येणारा ताण या काचांनी साध्या काचांपेक्षा कमी होतो, असं त्यात दिसलं नाही. उघड्या आकाशाकडून डोळ्यांत येणाऱ्या निळ्या उजेडापुढे स्क्रीनचा निळा उजेड फारच थोडा असतो. मी साप साप म्हणून भुई धोपटत होते. लेखातला तो परिच्छेद काढला आहे आणि का काढला हेही तिथे लिहिलं आहे. तुम्ही लक्षात आणून दिलंत, त्याबद्दल आभार.

टॉवरच्या लहरींबद्दलही मी तुमच्याच बाजूची आहे, आणि या मुद्द्यावर मला थोडं थांबायचं आहे, कारण माझं सगळं म्हणणं इथूनच सुरू होतं. लहरींनी त्रास होतो असं सांगणाऱ्यांची परीक्षा अनेकदा घेतली गेली. माणसाला खोलीत बसवायचं, यंत्र कधी चालू ठेवायचं, कधी बंद, आणि त्याला ते कळू द्यायचं नाही. २००५ साली अशा ३१ प्रयोगांचा, म्हणजे ७२५ माणसांवरच्या चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध झाला. लहरी आहेत की नाहीत हे त्या माणसांना ओळखता येतं, याचा भक्कम पुरावा त्यात सापडला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जे म्हटलं त्याचा आशय असा, की या माणसांचा त्रास खरा आहे, पण त्याचं कारण लहरी असल्याला आधार नाही. मला हे पूर्ण मान्य आहे.

आता हीच कसोटी लुकलुकणाऱ्या उजेडाला लावून पाहू.

जुन्या चोकवरची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. इतकी जलद लुकलुक आपल्याला दिसत नाही, उजेड सलग वाटतो. इलेक्ट्रॉनिक चोक बसवला तर हाच चढउतार सेकंदाला हजारो वेळा होतो आणि उजेड जवळजवळ स्थिर राहतो. मानसशास्त्रज्ञ अर्नोल्ड विल्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या एका ऑफिसात हे दोन्ही प्रकारचे चोक आलटून पालटून वापरले आणि १९८९ साली निष्कर्ष छापले. आपल्या डोक्यावर कुठला चोक आहे हे तिथे बसणाऱ्यांना सांगितलेलं नव्हतं. स्थिर उजेडात डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण सरासरीने निम्म्याहून कमी झाला. आणखी एक गोष्ट त्यांच्या नजरेत आली. जसजसे वरचे मजले, आणि म्हणून दिवसाचा उजेड जास्त, तसतशी डोकेदुखी कमी.

तुमच्या मते एकाच माळेचे असलेले हे दोन मणी इथे वेगळे होतात. ‘माहीत नसताना त्रास होतो का?’ या एकाच प्रश्नाला लहरींचं उत्तर ‘नाही’ आलं आणि लुकलुकीचं ‘हो’. पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवायचा तर दुसऱ्यावरही ठेवावा लागेल, एवढीच माझी विनंती आहे. नाहीतर सुक्याबरोबर ओलंही जळतं.

तो प्रयोग ट्यूबलाइटवरचा होता, फोनवरचा नव्हता, असं तुम्ही म्हणाल, आणि ते खरं आहे. म्हणून फोनची स्क्रीन मंद कशी होते ते सांगते. मूळ लेखात मी हे दोन वाक्यांत उरकलं होतं, ती चूकच झाली.

उजेड कमी करायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे दिव्याला वीजच कमी द्यायची. दुसरा म्हणजे वीज तेवढीच ठेवून दिवा भराभर चालू-बंद करायचा. निम्मा वेळ बंद ठेवला की उजेड निम्मा वाटतो, तीन चतुर्थांश वेळ बंद ठेवला की पाव वाटतो. या दुसऱ्या पद्धतीला पल्स विड्थ मॉड्युलेशन, म्हणजे पीडब्ल्यूएम म्हणतात. ओलेड, म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतःच उजळणाऱ्या, स्क्रीनमध्ये ती सर्रास वापरतात, कारण फार कमी विजेवर त्या स्क्रीनचे रंग बिघडतात. अनेक फोनमध्ये ही उघडझाप सेकंदाला २४० किंवा ४८० वेळा होते, काही नव्या फोनमध्ये १,९२० किंवा त्याहून जास्त.

इतक्या जलद उघडझापीचा डोळ्याला पत्ता कसा लागेल? नजर एका जागी रोखली तर लागत नाही. पण वाचताना आपली नजर ओळीवरून सरकत जात नाही, ती शब्दाशब्दावर उड्या मारते. त्या उडीत लुकलुकणारा ठिपका डोळ्याच्या आतल्या पडद्यावर एका रेषेऐवजी तुटक ठिपक्यांची माळ काढतो. नजरेच्या अशा उडीत सेकंदाला हजाराहून जास्त वेळा होणारी लुकलुकही माणसांना ओळखू येते, हे विल्किन्स यांच्याच सहभागाने २०१३ साली झालेल्या अभ्यासात दिसलं. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने २०१५ साली एलईडी दिव्यांच्या लुकलुकीबद्दल १७८९ क्रमांकाची शिफारस काढली. तिच्या सूत्राप्रमाणे सेकंदाला २४० वेळा लुकलुकणाऱ्या दिव्यात उजेडाचा चढउतार साधारण १९ टक्क्यांच्या आत असेल तर धोका कमी. मंद केलेल्या पीडब्ल्यूएम स्क्रीनचा ठिपका पूर्ण विझतो आणि पुन्हा पेटतो, म्हणजे चढउतार शंभर टक्क्यांच्या घरात. शिफारस दिव्यांसाठी आहे, तरी फोनसुद्धा अखेर आपण डोळ्यांपासून हातभर अंतरावर धरलेला दिवाच असतो.

आता ‘डॉक्टरांनी नॉर्मल सांगितलं’ याबद्दल. डॉक्टर खोटं बोलत नाहीत. नंबर तपासला, पडदा तपासला, दाब तपासला, सगळं ठीक निघालं. पण उजेडाने दुखणं ही तक्रार पुष्कळदा डोळ्याच्या मागे, मेंदूच्या वाटेवर असते. हार्वर्डमधल्या रामी बर्स्टीन यांच्या गटाने २०१० साली अर्धशिशी असलेल्या २० अंध व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना उजेडाची जाणीव मुळीच नव्हती, त्यांची डोकेदुखी उजेडाने वाढत नव्हती. ज्यांना वस्तू ओळखता येत नव्हत्या पण उजेड-अंधार जाणवत होता, त्यांची वाढत होती. नजर जवळजवळ नाही, तरी उजेड टोचतो! पडद्यातल्या काही पेशी चित्र दाखवण्यापेक्षा उजेडाची मात्रा मेंदूला कळवण्याचं काम करतात, आणि त्यांची वाट डोकेदुखीच्या वाटेला मेंदूत जाऊन मिळते, असं या गटाने दाखवलं. भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ वाचता आली म्हणजे ही वाट शांत आहे, असा अर्थ निघत नाही.

डोळ्यांच्या बाबतीतही चष्म्याच्या नंबरापलीकडे तपासण्यासारखं असतं. जवळचं पाहताना दोन्ही डोळे आत वळून एका बिंदूवर टिकतात का, हे वेगळं तपासावं लागतं. कोरडेपणाचंही तसंच. एरवी आपली पापणी मिनिटाला पंधरा-वीस वेळा लवते, स्क्रीनकडे टक लावली की ते प्रमाण निम्म्याहून खाली येतं, आणि जी लवते तीही अर्धवट मिटते. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं चुरचुरणं बहुतेकदा याचं असतं. त्यावर पापण्या मुद्दाम पूर्ण मिटणं, स्क्रीन नजरेच्या थोडी खाली ठेवणं, दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर पाहणं एवढ्यानेही फरक पडतो. हा भाग तुम्हालाही मान्य असेल, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

राहिला ‘मला काही होत नाही’ हा मुद्दा. एकाच गाडीतून दोघं घाटाने निघतात. एकजण पुस्तक वाचत बसतो, दुसऱ्याला तिसऱ्या वळणावर गाडी लागते. ‘मला लागली नाही, तेव्हा तुझी मळमळ मनाची आहे’ असं आपण त्याला म्हणत नाही. त्याला खिडकीजवळ बसवतो. स्क्रीनवरच्या हलत्या गोष्टींबद्दल हे एकदा घडूनही गेलं आहे. २०१३ साली आयफोनचं आयओएस ७ हे मूळ सॉफ्टवेअर आलं. त्यात ॲप उघडताना सगळी स्क्रीन झूम व्हायची, आणि कितीतरी लोकांनी भोवळ आणि मळमळ होत असल्याच्या तक्रारी केल्या. त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. साधारण महिन्याभराने आलेल्या ७.०.३ आवृत्तीत ‘रिड्यूस मोशन’ या हालचाल कमी करण्याच्या पर्यायाने ते झूम थांबवता येऊ लागलं. ज्यांना ते झूम आवडत होतं, त्यांचं काहीच गेलं नाही. लुकलुकीच्या बाबतीत मी मागते आहे ती सोय याच जातीची आहे.

माझ्याबद्दल थोडं सांगते, पुरावा म्हणून नव्हे. फोन बदलल्यावर माझं कपाळ ठणकायला लागलं. वीस मिनिटांत भुवयांमागे जडपणा, मग मळमळ. तुम्ही म्हणता तो ‘मनाचा खेळ’ हा संशय आधी मलाच आला. त्या फोनमध्ये लुकलुक कमी करण्याचा एक पर्याय आहे. दोन आठवडे माझी बहीण तो रोज संध्याकाळी कधी चालू, कधी बंद करायची आणि मला न सांगता स्वतःच्या वहीत नोंदवायची. मी माझ्या वहीत फक्त त्रास लिहायचे. शेवटी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. दुखण्याच्या सगळ्या नाही, पण बहुतेक संध्याकाळी तो पर्याय बंद होता. एका घरातल्या दोन वह्यांवरून जगाबद्दल काही सिद्ध होत नाही, पण त्या रात्री मला खूप बरं वाटलं. कित्येक महिने मी स्वतःलाच खोटं ठरवत आले होते.

माझ्या लेखाने भीती पसरते, असं तुम्ही म्हणता. म्हणून स्पष्ट लिहिते : स्क्रीनच्या उजेडाने डोळे जात नाहीत, पडदा जळत नाही. त्रास होणाऱ्याने हे आधी ऐकायला हवं, आणि ते मी पहिल्याच लेखात लिहायला हवं होतं. पण ‘स्क्रीन कमी वापरा’ हा सल्ला ज्याची नोकरीच स्क्रीनवर आहे त्याच्या काय कामाचा? तो सुट्टीच्या दिवशी स्क्रीन कमी वापरतोच, कारण डोकं उठलेलं असतं.

आता तुमच्या सहकारीबद्दल. तुमच्या प्रतिक्रियेतलं तेच वाक्य माझ्या मनात सर्वांत जास्त राहिलं. ती दिवसभर ब्राइटनेस कमी करते आणि तरी डोकं धरून बसते, असं तुम्ही लिहिलंत. ‘तरी’ असं तुम्हाला वाटतं. तिच्या मॉनिटरचा किंवा फोनचा उजेड उघडझापीने मंद होत असेल, तर ती जितका तो कमी करते तितका वेळ दिवा जास्त विझलेला राहतो आणि लुकलुक आणखी तीव्र होते. ‘तरी’ऐवजी ‘म्हणून’ असण्याची शक्यता आहे.

हे तुम्हाला दोन मिनिटांत पाहता येईल. खोलीतले दिवे बंद करून तिच्या स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा आणि ब्राइटनेस ती ठेवते तेवढा खाली आणा. एक बारीक पेन डोळे आणि स्क्रीन यांच्यामध्ये धरून झपाझप डावी-उजवीकडे हलवा. पेनाचा एकच फिकट पसारा दिसला तर उजेड सलग आहे, मग कारण दुसरीकडे शोधायला हवं. ओळीने सुटी सुटी पेनं दिसली तर उजेड तुटक आहे. तसं असेल तर ब्राइटनेस बराच वर न्यायला सांगा, तो डोळ्यांवर येत असेल तर टेबलाजवळ उजेड वाढवा. फोनच्या सेटिंगमधलं ‘एक्स्ट्रा डिम’ किंवा ‘रिड्यूस व्हाइट पॉइंट’ लावून स्क्रीन मंद करायला सांगा, म्हणजे मुख्य ब्राइटनेस वर ठेवता येतो. मॉनिटर बदलायची वेळ आली तर ‘फ्लिकर-फ्री’, म्हणजे न लुकलुकणारा, असं लिहिलेला मागवा आणि त्याच्यापुढेही पेन हलवून बघा. आठवडाभर हे करून तिचं डोकं कसं राहतं ते मला कळवाल का? काहीच फरक पडला नाही, तरी कळवा. तेही मी इथेच छापेन.