‘सीएफएम’ दिसलं म्हणून विमान 737 होत नाही

नागपूरच्या ग्रुपांवर सध्या विमानाच्या अवशेषांचे तीन फोटो फिरताहेत: तुटका इंजिन-पंखा, आतून हिरवट पत्रा आणि चार चाकांचा लँडिंग गिअर. सोबतचा मजकूर असा (सीएफएम ही विमानाची इंजिनं बनवणारी कंपनी): ‘सीएफएमचं इंजिन, म्हणजे बोइंग 737. हिरवा रंग, म्हणजे हवाई दलाचं. चार चाकं, म्हणजे एअरबस ए320 नाहीच. नंबरप्लेट नाही, म्हणजे मुद्दाम काढली.’ हे तिन्ही फोटो एकाच विमानाचे आहेत का, हे कुणी विचारलेलंच नाही.

हिरव्या रंगाचं लगेच मिटतं. तो गंजरोधक प्रायमर, प्रवासी विमानांनाही आतून लावतात. बोइंगने उभारलेल्या, नागपूरच्या मिहानमधल्या विमान-दुरुस्ती केंद्रात (एमआरओ) कुणी ओळखीचं असेल तर विचारून बघा.

चाकांचा मुद्दा मात्र पटण्यासारखा वाटतो. ए320च्या मुख्य गिअरला एका पायावर सहसा दोनच चाकं असतात. पण आपल्याच इंडियन एअरलाइन्सने चार चाकांच्या गिअरची ए320 घेतली होती, कमी मजबुतीच्या धावपट्ट्यांवर भार विभागला जावा म्हणून. आणि 737ला तरी कुठे चार आहेत? तिथेही दोनच! म्हणजे तिसरा मुद्दा पहिल्यालाच खोडतो.

आता इंजिन. सीएफएम56 हे 737वर आहे, ए320वर आहे, चार इंजिनांच्या ए340-300वरही आहे. नाव वाचून काही ठरत नाही, पाती मोजावी लागतात. 737-800च्या सीएफएम56-7बीला 24 पाती, ए320च्या 5बीला 36, जुन्या 737-300च्या इंजिनाला 38. पाती उडाली असतील तर डिस्कवरच्या, म्हणजे पाती बसवायच्या चकतीवरच्या, खाचा मोजायच्या. या फोटोत अर्धीच डिस्क दिसते आणि खाचा अठराच्या आसपास भरतात. म्हणजे पूर्ण डिस्कवर छत्तीसच्या आसपास, त्यावरून 737-800 बाद होतं. 36 की 38, हे अर्ध्या डिस्कवरून सांगणारा माणूस थापा मारतोय.

राहिली प्लेट. ती अपघातातही निघून जाते. जुलै 2015मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर फ्लॅपेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग, सापडला, त्यावरही ओळखपट्टी नव्हती. 657बीबी या खुणेवरून तो बोइंग 777चा भाग असल्याचं कळलं, पण 777 तर शेकड्यांनी उडतात. तुकड्याच्या आतले क्रमांक स्पेनमधल्या उपकंत्राटदाराच्या नोंदींशी ताडून पाहिले, तेव्हा कुठे 3 सप्टेंबर 2015 रोजी फ्रेंच सरकारी वकिलांनी तो मलेशिया एअरलाइन्सच्या बेपत्ता एमएच370 विमानाचाच असल्याचं जाहीर केलं.