"गाणं गोड आहे, पण व्हिडिओत ते कशाला?"

परवा एका ग्रुपवर कुणीतरी अमेरिकन गायक स्टीव्ह ग्रँडचं ‘ऑल-अमेरिकन बॉय’ हे कंट्री गाणं टाकलं आणि खाली लगेच कमेंट आली, की गाणं गोड आहे हो, पण व्हिडिओत ते सगळं दाखवायची काय गरज होती. ते सगळं म्हणजे एक मुलगा दुसऱ्या मुलाचं चुंबन घेतो ते. मी उत्तर लिहायला बसलो, ते एवढं लांबलं की म्हटलं आपल्याच वॉलवर टाकावं, तिथल्या ॲडमिन काकांचं बीपी कशाला वाढवा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. २ जुलै २०१३ ला हा व्हिडिओ यूट्यूबवर आला. गाणारा २३ वर्षांचा, ना कुठली म्युझिक कंपनी मागे, ना मॅनेजर, साठवलेले पैसे आणि क्रेडिट कार्ड मिळून अंदाजे सात हजार डॉलर घातले आणि व्हिडिओ केला. दहा दिवसांच्या आत दहा लाख व्ह्यूज, मग टीव्हीवर मुलाखती वगैरे. आणि हा पोरगा कुठला, तर शिकागोजवळच्या लेमाँटचा! शिकागोच्या मराठी माणसाला लेमाँट म्हटलं की टेकडीवरचं राममंदिर आणि कॅन्टीनमधला डोसा आठवतो, आम्ही दर गुढीपाडव्याला तिथे पार्किंग शोधत फिरतो आणि त्याच गावात हा कॅथलिक घरातला मुलगा लहानाचा मोठा झाला. तेराव्या वर्षी बॉय स्काउटच्या कॅम्पला गेला आणि तिथल्या एका काउन्सेलरवर त्याचा जीव जडला, तेव्हा त्याला कळलं आपण गे आहोत, हे त्याने मुलाखतींमधून सांगितलंय आणि गाण्याचं मूळही तिथेच आहे. घरी कळल्यावर आईवडिलांनी त्याला ‘सरळ’ करणाऱ्या थेरपीला पाठवलं, ती काही वर्षं चालली. आणि योगायोग बघा, बॉय स्काउट्सनी गे मुलांना उघडपणे सभासद होऊ द्यायचं ठरवलं तेही त्याच वर्षी, मे २०१३ मध्ये. मोठ्या लीडर लोकांना मात्र २०१५ पर्यंत थांबावं लागलं.

आता व्हिडिओ. चार जुलैचा, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा माहोल, जुनी उघड्या टपाची गाडी, झेंडा, रात्री शेकोटी, मित्रमैत्रिणींचा घोळका, व्हिस्कीची बाटली हातोहात फिरतेय. एक देखणा मुलगा आहे, त्याची गर्लफ्रेंड सोबत आहे, आणि स्टीव्ह त्याच्याकडे बघतोय. बस एवढीच स्टोरी. नंतर दोघंच घोळक्यातून निसटतात, पाण्यात उड्या मारतात, तिथे हा त्याला किस करतो, तो क्षणभर थांबतो आणि मग मागे सरकतो. नाही म्हणतो. पण मारत नाही, शिवी देत नाही, पळून जाऊन बाकीच्यांना सांगून हसत नाही. दोघं शेकोटीपाशी परत येतात आणि मैत्री शाबूत आहे असं दिसतं.

मी स्वतः गे आहे, इथल्या बहुतेकांना माहितीये, ज्यांना नव्हतं त्यांना आता झालं. तर माझ्यासारख्या माणसाला तो किस वगैरे ठीक आहे, पण त्या व्हिडिओतला जीव खाणारा सेकंद तो पुढचा आहे, तो मुलगा काय करेल तो. आमच्या पिढीतल्या प्रत्येकाने तो सेकंद मनात शंभरदा चालवून बघितलाय, हॉस्टेलच्या गच्चीवर, ट्रेकला तंबूत, आणि आमच्या डोक्यातला शेवट कायम एकच असायचा, थोबाडीत किंवा बदनामी. म्हणून बहुतेकांनी काही केलंच नाही. इथे तो मुलगा फक्त नाही म्हणतो. साधं, माणसासारखं ‘नाही’. मुलीला प्रपोज केल्यावर ती जसं "अरे सॉरी, पण आपण फ्रेंड्स" म्हणते तसं ‘नाही’. असं ‘नाही’ ऐकायला मिळणं ही सुद्धा केवढी चैन आहे हे ज्यांना ते रोज मिळतं त्यांना नाही कळणार. आणि हे गाण्यात नाहीये! गाण्याच्या शब्दांत नुसती ओढ आहे, स्वप्न आहे, तो माझा होईल ही आशा आहे. नकार व्हिडिओत आहे. व्हिडिओ काढून टाकला तर उरतं एक गोड, जरासं लाडावलेलं लव्हसाँग. म्हणून त्या कमेंटवाल्याला माझं उत्तर असं की गरज होतीच, उलट गाण्यापेक्षा जास्त होती.

बरं, पुरुषाने पुरुषासाठी विरह गाणं आपल्याला नवीन आहे का? ज्ञानेश्वरांच्या विरहिणी कुणी लिहिल्या, एकनाथांच्या गवळणी कुणी लिहिल्या? आणि आपले बुवा लोक डोळे मिटून त्या कान्ह्यासाठी किती व्याकूळ होऊन गातात, समोर बायाबापड्या रडतात. पण तिथे गोपीचा पदर डोक्यावर घ्यावा लागतो, आणि समोर देव लागतो. मला त्यावर आक्षेप नाही, ती भक्ती आहे, मी लहानपणापासून त्यावर वाढलोय आणि अजूनही कार्तिकीला ऐकतो, तिला गे वगैरे ठरवण्याचा उद्योग मी करणार नाही. मला एवढंच म्हणायचंय की ओढ तीच, फक्त इथे पदर नाही. मुलगा स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या चेहऱ्याने, दाढीचे खुंट वाढलेले असताना गातोय की मला तो आवडतो. लोकांना ओढ खुपत नाही, पदर नसणं खुपतं.

आणि कंट्री म्युझिकमध्येच, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या गिटारवरच्या गाण्यांत, हे व्हावं यात खरी मजा आहे. तो उन्हाळा आठवा, रेडिओ लावला की फ्लोरिडा जॉर्जिया लाइन या जोडीचं ‘क्रूझ’, बिलबोर्डच्या कंट्री चार्टवर ते गाणं एकूण २४ आठवडे पहिल्या नंबरवर होतं. ट्रक, बिअर, नदीकाठ, चांदणं आणि शॉर्ट्स घातलेली पोरगी, दर दुसऱ्या गाण्यात हाच ऐवज. ग्रँडने काय केलं, तर सामान जसंच्या तसं ठेवलं. गाडी तीच, शेकोटी तीच, बाटली तीच, झेंडा तोच. फक्त कोण कुणाकडे बघतंय ते बदललं. इंद्रधनुष्याचा झेंडा नाही, चकचकाट नाही, डान्सबार नाही. म्हणजे तो म्हणतोय की हे गाव माझंही आहे, मी इथून हाकलून द्यायचा माणूस नाही. मला हे मोर्चातल्या घोषणेपेक्षा जास्त धीट वाटतं, पण हे माझं मत, मोर्चावाल्या मित्रांनी रागावू नये.

आता जे आवडत नाही ते पण सांगतो, नाहीतर म्हणाल हा फॅन आहे. एक, सगळे जण मॉडेलसारखे दिसतात. बिअरची जाहिरात चालू आहे की काय असं मधे मधे वाटतं, आणि स्टीव्ह स्वतः शर्ट काढण्याची एक संधी सोडत नाही. माझ्यासारखा ढेरपोट्या त्या शेकोटीला लाकडं आणायला सुद्धा ठेवला नसता त्यांनी. दोन, ती गर्लफ्रेंड. तिच्या बॉयफ्रेंडला किस केलं गेलंय आणि तिचं काय, याचा विचार व्हिडिओत नाही, आणि गाण्यात ‘ती तुझी गर्लफ्रेंड आहे, अनादर करायचा नाही’ अशा अर्थाची एक ओळ आहे तेवढीच. आपण तिच्या बाजूने ते गाणं लिहिलं तर ते पण चांगलं कंट्री साँग होईल, फसवणुकीची गाणी हा तर त्यांचा हातखंडा आहे.

मीडियाने त्याला ‘पहिला उघड गे कंट्री सिंगर’ करून टाकलं ते मात्र साफ चूक. त्याने स्वतः ते लेबल कधी मिरवलं नाही. पहिल्याचा मान द्यायचाच तर पॅट्रिक हॅगर्टीला द्या. त्याने १९७३ मध्ये सिएटलला ‘लॅव्हेंडर कंट्री’ नावाची अख्खी रेकॉर्ड काढली, हजार प्रती, आणि नंतर कितीतरी वर्षं फारसं कुणी विचारलं नाही, ती खरी गाजली २०१४ मध्ये परत काढली तेव्हा. चाळीस वर्षं! माणूस २०२२ मध्ये गेला, पण जाण्याआधी म्हातारपणी स्टेजवर परत गायला, एवढं तरी झालं. शेली राइट, जिचं गाणं १९९९ मध्ये एक नंबरला गेलं होतं, ती आपण लेस्बियन आहोत हे २०१० मध्ये बोलली. टाय हर्नडन नव्वदच्या दशकातला हिट गायक, तो २०१४ मध्ये. म्हणजे आधी करिअर करून घ्यायचं, मग तोंड उघडायचं, ही तिथली रीत. ग्रँडने ती उलटी केली, तोंड आधी उघडलं. त्याची किंमत म्हणा, फायदा म्हणा, नॅशव्हिलच्या, म्हणजे कंट्रीच्या राजधानीतल्या, कंपन्यांशिवायच त्याने काम केलं, २०१४ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर लोकांकडून सव्वातीन लाख डॉलरच्या वर जमवले आणि अल्बम काढला. मोठ्या कंट्री लेबलवरचा गायक उघडपणे गे असायला २०२१ उजाडलं, ब्रदर्स ऑझबर्न या जोडीतला टी. जे. ऑझबर्न. पुढच्या वर्षी त्यांच्या ‘यंगर मी’ला ग्रॅमी पण मिळालं, आणि ते गाणं त्याने लहानपणच्या स्वतःशी बोलल्यासारखं आहे, ऐका जमलं तर.

भारतातल्या मित्रांसाठी एक तारीख टाकतो. हा व्हिडिओ जुलैत आला, आणि त्याच वर्षी ११ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ परत जिवंत केलं. जुलैत हा व्हिडिओ एकमेकांना पाठवून हार्ट टाकणारे आमचे पुण्या-मुंबईतले दोस्त डिसेंबरात कायद्याच्या लेखी परत गुन्हेगार झाले, ते थेट ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत. तेव्हा "आता जग बदललंय, काय ते सारखं सारखं" असं म्हणणाऱ्यांनी जरा कॅलेंडर बघावं.

माझी खरी भूक आता वेगळीच आहे. एकतर्फी प्रेम पुष्कळ झालं, देखणी पोरं पाण्यात उड्या मारून झाली. कॅमरन हॉथॉर्न नावाच्या कॅन्ससच्या गायकाने २०१९ मध्ये ‘डान्सिंग इन द लिव्हिंग रूम’ काढलं, त्याच व्हिडिओतून तो आउट झाला, म्हणजे आपण गे आहोत हे त्याने जाहीर केलं, आणि त्यात दोघं पुरुष घरात मस्त नाचतात, ते मला त्या शेकोटीपेक्षा जवळचं वाटतं. पण मला त्याच्याही पुढचं हवंय. पन्नाशीचे दोघं, एकाचं कोलेस्टेरॉल, दुसऱ्याची आई घरी राहायला आलेली, गॅरेजचं दार बिघडलंय आणि कुणी दुरुस्त करायचं यावरून तीन दिवस अबोला, त्यावर स्टील गिटार वाजतेय. नवराबायकोच्या अशा गाण्यांवर नॅशव्हिलने कितीतरी दशकं पैसे कमावलेत, आमचं एक करायला काय हरकत आहे. असं गाणं आधीच कुणी केलं असेल तर खाली कमेंटमध्ये टाका, आणि व्हिडिओसकट टाका.